काल मुखोद्गत, आज अडगळीत: साहित्यिकांची कीर्ती वर-खाली का होते?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर, तेथे आलेले मराठी भाषा विद्यापीठ आणि तेराव्या शतकात तेथेच सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ ही नावे, ज्यांचा साहित्याशी एरवी फारसा संबंध येत नाही अशा घरांतूनही ऐकू येऊ लागली. आमच्या नागपुरात तर या गोष्टीचा अभिमान विशेष आहे आणि तो स्वाभाविकही आहे. मात्र अभिमानाच्या पाठोपाठ एक रास्त शंका येते. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ एवढ्या मोलाचा असेल, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी साहित्याचा इतिहास लिहायला बसलेल्या विद्वानांना त्याची खबरही का नव्हती? आणि ज्या मोरोपंतांच्या आर्या त्या काळी सुशिक्षित घरांतून मुखोद्गत असत, त्यांचे एखादे काव्य अथपासून इतिपर्यंत वाचलेला माणूस आज शोधूनही का सापडत नाही?

यादी कोणीच लिहीत नाही, तरी ती असते

प्रत्येक समाजापाशी ‘हे वाचलेच पाहिजे’ अशा पुस्तकांची एक यादी असते. समीक्षक तिला ‘कॅनन’ म्हणतात. या लेखात आपण तिला मान्य यादी म्हणू. ती कोणा एकाच्या सहीने जाहीर होत नाही. क्रमिक पुस्तके तयार करणारे, विद्यापीठांची अभ्यासमंडळे, प्रकाशक, समीक्षक, पुरस्कार समित्या, कीर्तनकार, गायक आणि ग्रंथपाल असे अनेक जण आपापल्या सोयीने तीत भर घालतात वा तीतून नावे गाळतात, आणि बहुतेक वेळा आपण असे काही करीत आहोत याची त्यांना जाणीवही नसते.

‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची’ ही आर्या अनेकांना पाठ असेल. ती जुन्या काळची मान्य यादीच आहे. तिच्यात वामन पंडित, तुकाराम, ज्ञानेश्वर आणि मयूरपंत म्हणजे मोरोपंत असे चार कवी अगदी एका पंक्तीला बसले आहेत. त्यांपैकी दोघे आज घराघरांत आहेत आणि दोघे मुख्यतः या आर्येपुरते उरले आहेत.

यामागचे गणित समजण्यासाठी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्याची विहीर डोळ्यांसमोर आणावी. तिला पाणी येते ते आतल्या झऱ्यांमुळे, आणि झरा नसेल तेथे कितीही खोल खणले तरी उपयोग होत नाही. पण झरा असूनही वर्षानुवर्षे उपसा झाला नाही आणि गाळ काढला नाही, तर तो बुजतो, पाणी हिरवे पडते आणि शेवटी विहिरीवर फळ्या टाकल्या जातात. पुस्तकाचा दर्जा म्हणजे झरा, आणि नकला करणे, छापणे, शिकवणे, गाणे, त्यावर भांडणे म्हणजे उपसा. कीर्तीला या दोन्ही गोष्टी लागतात. आपण बहुधा पहिलीचीच चर्चा करतो, म्हणून या लेखात दुसरीवर भर आहे.

कुलूपबंद ग्रंथ

म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांच्या शिष्यांकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली पारखून घेतल्या आणि १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ प्रत पुढे धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि शिष्यांनी स्मरणाने ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. महानुभावांनी आपल्या ग्रंथांसाठी ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्या वापरल्या. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर योजण्याची ही पद्धत होती. पंथातल्या माणसाला तो मजकूर सरळ वाचता येई, बाहेरच्याला मात्र मराठी अक्षरे ओळखीची असूनही अर्थ लागत नसे.

म्हणजे साडेपाचशेहून अधिक वर्षे हा ग्रंथ जिवंत होता, वाचला जात होता, त्याच्या नकलाही होत होत्या. फक्त ही सारी ये-जा मठांच्या भिंतींच्या आत होती. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ प्रथम लिहिले तेव्हा महानुभाव वाङ्मयाचा हा साठा त्यांच्या हाती नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपी उलगडली आणि पुढच्या काळात मराठी साहित्याच्या इतिहासाची सुरुवातच नव्याने लिहावी लागली. त्यानंतरच्या कामात नागपूरचा वाटा मोठा आहे. हरि नारायण नेने यांनी १९३०च्या दशकात नागपुरातून ‘लीळाचरित्र’ भागाभागांनी छापले, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी अनेक हस्तलिखिते ताडून पाहून सिद्ध केलेली प्रत १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. अनेक प्रती शेजारी ठेवून कोणता शब्द मूळचा आणि कोणता लेखनिकाच्या हातून शिरला याचा निवाडा करण्याच्या या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. हे काम कंटाळवाणे असते आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण ते झाले नसते, तर २०२४ मध्ये मराठीच्या प्राचीनतेची बाजू मांडताना जे पुरावे हाताशी होते त्यांतला एक भक्कम पुरावा पोथ्यांच्या बासनातच राहिला असता.

‘पण चांगले ते टिकतेच ना?’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो वरवर बिनतोड वाटतो. त्यातली खोच अशी की, टिकलेल्या पुस्तकांकडे पाहूनच आपण हा निष्कर्ष काढतो. जी नष्ट झाली ती साक्ष द्यायला येत नाहीत.

ज्ञानेश्वरीचेच पाहू. तिच्या थोरवीविषयी वाद नाही, परंतु १२९० पासून हाताने नकला होत गेल्या तसतसे तिच्यात चुकीचे पाठ शिरले आणि इतरांच्या ओव्याही घुसल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले आणि यापुढे जो कोणी तिच्यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे, अशी तंबीही देऊन ठेवली. म्हणजे मराठीतल्या सर्वमान्य ग्रंथालाही तीनशे वर्षांच्या आतच गाळ काढावा लागला होता, आणि तो काढणारा माणूस स्वतः थोर कवी होता हे आपले भाग्य.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची गोष्ट याहून बोलकी आहे. सुरतेतील एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेवरून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा संतापून त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक लिहिले. ते १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. स्त्रीवर लादलेले दोष एकेक करून घ्यायचे आणि ते पुरुषात अधिक प्रमाणात कसे आढळतात हे दाखवायचे, अशी त्याची सरळ, घाव घालणारी रचना आहे. भाषा घरातल्या बाईने ओसरीवर उभे राहून भांडावे तशी रोखठोक, आणि शास्त्रवचनांपासून त्या काळच्या लोकप्रिय कथा-नाटकांपर्यंत कोणाचीही भीडभाड न ठेवणारी. त्यांच्यावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हे पुस्तक चर्चेत नव्हते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा छापले, आणि आज भारतीय स्त्रीवादाचा इतिहास त्याच्यावाचून सांगताच येत नाही.

१८८२च्या आणि १९७५च्या पुस्तकातला मजकूर तोच होता. बदलला होता तो वाचणारा. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहत होती, आणि आपल्याआधी असे कोणी बोलले होते काय, हा प्रश्न विचारणारी पिढी नुकतीच तयार झाली होती. प्रश्न तयार होता आणि त्याच वेळी पुस्तक हाती आले. या दोहोंपैकी एक जरी दहा-वीस वर्षांनी चुकले असते, तरी निकाल कदाचित वेगळा लागला असता.

वाचण्याची जागाच नाहीशी झाली तर

कीर्ती उतरते तेव्हा लोकांची अभिरुची ढासळली असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मोरोपंतांच्या बाबतीत ते खरे नाही. त्यांची आर्या एकट्याने खुर्चीत बसून वाचण्यासाठी रचलेली नव्हतीच. पुराणिकाने ती म्हणावी, समासाची गाठ सोडवून दाखवावी, यमक साधले की श्रोत्यांनी मान डोलवावी, अशा बैठकीची ती कविता होती. परशुरामतात्या गोडबोले यांच्या १८५४च्या ‘नवनीत’ या वेच्यांच्या संग्रहामुळे ती शाळेतही पोहोचली. पुढे पुराणाच्या बैठका विरळ झाल्या, संस्कृतचा सराव सुटला, आणि केशवसुतांपासून कवितेने स्वतःच्या मनातले बोलावे अशी अपेक्षा रूढ झाली. आर्या होती तशीच राहिली. ती ऐकण्याची बैठक मात्र उठली. केशवसुतांचा प्रवास नेमका उलटा झाला. ते १९०५ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या कवितांचे पुस्तकही निघालेले नव्हते. ते हरि नारायण आपटे यांनी १९१७ मध्ये काढले, आणि त्यानंतर ‘आधुनिक मराठी कवितेचे जनक’ ही पदवी त्यांना कायमची चिकटली.

वऱ्हाडात वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे आणखी एक उदाहरण. त्यांच्या नाटकांनी त्यांच्या काळात रंगभूमीला नवे वळण लावले आणि गडकऱ्यांसारखा नाटककार त्यांना गुरू मानत असे. आज ती नाटके कोणी करीत नाही. उरले आहेत ते ‘सुदाम्याचे पोहे’मधले विनोदी लेख आणि ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’ हे गीत. लेखकाला स्वतःचे जे मोठे काम वाटते तेच काळ राखील याची काही हमी नसते.

एका कादंबरीचे शेवटचे पान

नागपूरपुरते बोलायचे, तर कीर्तीच्या ओहोटीचे ठळक उदाहरण म्हणजे ग. त्र्यं. माडखोलकर. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक, ‘मुक्तात्मा’, ‘भंगलेले देऊळ’ अशा गाजलेल्या कादंबऱ्यांचे लेखक, आणि ज्या बेळगावच्या साहित्य संमेलनात १९४६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला त्याचे अध्यक्ष. राजकीय कादंबरी म्हटली की त्या पिढीला आधी त्यांचेच नाव आठवे.

एका जुन्या वाचनालयात त्यांच्या एका कादंबरीची प्रत मी हाताळली. बाइंडरने पुन्हा शिवताना कडा इतक्या आत कापल्या होत्या की काही ओळींची शेवटची अक्षरे गेली होती. शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद डकवलेला होता. त्याच्या वरच्या भागात शिक्के एकमेकांवर चढलेले, जागा पुरत नसल्यासारखे. मध्यावर ते सुटे-सुटे होत जातात, आणि खालचे रकाने कोरे आहेत.

का, याला माझ्या मते तीन कारणे आहेत. तिसाव्या दशकातले राजकारण हा त्या कादंबऱ्यांचा प्राण होता आणि ते राजकारण आता तळटिपा दिल्याशिवाय कळत नाही. दुसरे म्हणजे त्यांची अलंकृत, संस्कृतप्रचुर शैली पुढच्या वाचकाला जड झाली. तिसरे कारण साहित्याबाहेरचे आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे तोपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय पुस्तक छापता येत नाही. माडखोलकर १९७६ मध्ये वारले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०३७ रोजी मुक्त होईल. खपाची खात्री नाही म्हणून प्रकाशक परवानगीच्या भानगडीत पडत नाही, पुस्तक दुकानात नाही म्हणून नवा वाचक तयार होत नाही, आणि वाचक नाही म्हणून पुन्हा खपाची खात्री नाही, असे हे चक्र आहे. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी लेखकांचे यातच झाले आहे. वाचकांनी त्यांना नापसंत केले असे म्हणता येत नाही, कारण ते वाचकांसमोर आलेच नाहीत.

‘म्हणजे हे सारे राजकारणच की’

बऱ्याच अंशी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५चे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. ज्या समाजगटाच्या हाती छापखाना, शाळा आणि बक्षिसाची समिती असते, त्याला जे भावते ते यादीत लवकर चढते. त्यात गावांचे अभिमानही मिसळतात. ११८८चा मानला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ वैनगंगेकाठच्या आमच्या आंभोऱ्याचा की मराठवाड्यातल्या अंबेजोगाईचा, हा वाद दोन्हीकडचे लोक अजून हिरिरीने घालतात. मला त्यात गैर वाटत नाही. वादामुळे निदान ग्रंथाचे नाव तरी निघते.

मात्र मान्य यादी एकच असते आणि ती वरूनच येते, ही समजूत नागपुरात राहणाऱ्याने तरी करून घेऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे धम्मदीक्षा झाली, आणि तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारा माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. आसपासच्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने लागतात. जमिनीवर ताडपत्री अंथरून मांडलेल्या गठ्ठ्यांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’, ‘गुलामगिरी’, भीमगीतांच्या पुस्तिका, आत्मकथने असे सारे शेजारी-शेजारी असते. गडचिरोलीकडून किंवा मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडून मुलासाठी पुस्तक घेते, तेव्हा तिने कोणत्याही अभ्यासमंडळाला विचारलेले नसते. ही यादी या लोकांनी स्वतः घडवली आणि स्वतःच्या पैशांनी चालवली. विसाव्या शतकाच्या आरंभी मोहप्याचे किसन फागू बनसोडे यांनी नागपुरात स्वतःचा छापखाना आणि पत्रे चालवून हे काम सुरू केले होते. पुढे दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन (१९७८) आले, यशवंत मनोहरांचे ‘उत्थानगुंफा’ (१९७७) आणि कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) येथल्याच माणसांनी लिहिले, आणि विद्यापीठांना आपल्या यादीत जागा करावी लागली.

तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’चेही थोडे असेच आहे. शहरी समीक्षेने तिची कवितेच्या अंगाने फारशी दखल घेतली नाही, पण विदर्भातल्या खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेतून ती रोज म्हटली जाते. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये महाराजांचे नाव मिळाले, ते फार नंतर.

‘मग दर्जा नावाची गोष्टच उरत नाही का?’

उरते, आणि ती पुन्हा छापल्यानंतर दिसते. संपादकांनी बासनातून वर काढलेली सगळीच पुस्तके काही ताराबाईंच्या पुस्तकासारखी तरारत नाहीत. बरीचशी प्रकाशन समारंभानंतर पुन्हा कपाटात जातात. संस्था पुस्तकाला संधी देऊ शकते, वाचून घेऊ शकत नाही. अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकाऐवजी गाईड वाचून परीक्षा देणारे विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयात सापडतील.

टिकाऊपणाची एक कसोटी मला पटते. लेखकाच्या स्वप्नातही नसलेला प्रश्न घेऊन वाचक आला, तर पुस्तक त्याला काही देते का? तुकारामांकडे वारकरी भक्तीसाठी गेला, समाजसुधारक ढोंगावरचा प्रहार शोधत गेला, आधुनिक कवी शब्दांचा नेमकेपणा शिकायला गेला, आणि कोणालाही रिकाम्या हाताने यावे लागले नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला होता. ते निर्दोष सुटले आणि आज त्या कविता वर्गात शिकवल्या जातात. खटल्याच्या गाजावाजामुळे त्या टिकल्या असत्या, तर त्या काळी वाद झालेली सगळीच पुस्तके टिकायला हवी होती. पु. य. देशपांडे यांच्या ‘बंधनाच्या पलीकडे’ या कादंबरीने १९२७ मध्ये केवढे वादळ उठवले होते! नागपूरचेच लेखक, पण आज त्या कादंबरीचे नाव इतिहासाच्या पुस्तकातच भेटते.

‘आता सगळे ऑनलाइन आहे, आता कोण विसरणार?’

स्कॅन करून ठेवलेली प्रत ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. ताराबाईंच्या पुस्तकाला ती मिळाली असती, तर कदाचित नव्वद वर्षे लागली नसती. परंतु शोधणाऱ्याला आधी नाव तरी ठाऊक असावे लागते. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांच्या बहुतेक स्कॅन प्रती म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. त्यांतला मजकूर यंत्राला नीट वाचता आलेला नसतो, म्हणून शब्द घालून शोधले तरी ते पुस्तक वर येत नाही. लीळाचरित्रावर सांकेतिक लिपीचे कुलूप होते. येथे कुलूप नाही, पण ढीग एवढा आहे की परिणाम फार वेगळा होत नाही.

आपल्या डोळ्यांदेखत कोणाचे काय चालले आहे

पुढच्या पिढीची यादी आज सांगता येत नाही, पण उपसा कोठे चालू आहे हे मात्र पाहता येते. सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवशिक्यांना गझलेचे नियम शिकवले, म्हणजे आपल्यामागे वाचक आणि लेखक दोन्ही तयार राहतील अशी सोय स्वतःच केली. त्यांची गाणी रेडिओवर राहिली, ‘लाभले आम्हास भाग्य’ शाळेच्या गॅदरिंगमध्ये शिरले, आणि मराठीत गझल लिहिणारा आजही त्यांच्या मापानेच मोजला जातो. ग्रेस २०१२ मध्ये गेले. ‘संध्याकाळच्या कविता’ने १९६७ मध्ये जी मोहिनी घातली तिला नियम नव्हते, त्यामुळे ती शिकवता येत नाही; नक्कल केली तर हसे होते. त्यांच्यामागे शाळा नाही. त्यांची कविता दुर्बोध म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत, आणि ती अडल्यावर सोडवत बसणारे थोडे आहेत. भटांची जागा मला तूर्त पक्की वाटते. ग्रेस यांच्या बाबतीत, ओळ न ओळ उलगडून दाखवणारी चांगली सटीप आवृत्ती या दहा-पंधरा वर्षांत, त्यांना ऐकलेली आणि ओळखलेली माणसे हयात असतानाच, निघते की नाही, यावर बरेच काही ठरेल.